मोफत बचावाची सुधारणा आणि हाजी बरकातांचं कबूतर

ज्याची वकील करायची ऐपत नाही त्याला सरकारनं वकील द्यावा, हे तत्त्व जगातल्या झाडून सगळ्या सुसंस्कृत देशांनी मान्य केलेलं आहे. त्या वकिलानं आरोपीशी बोलावं, असं मात्र तत्त्वात कुठे म्हटलेलं नाही (म्हटलं असतं तर तत्त्व मान्य व्हायला जरा वेळ लागला असता). नाईलच्या डेल्टातल्या आमच्या जिल्हा कोर्टात हे तत्त्व इतक्या चोखपणे पाळलं जात होतं, की त्यात सुधारण्यासारखं काही असेल अशी शंकासुद्धा कुणाला आली नव्हती. शंका यायला कैरोहून माणसं यावी लागली.

जुनी पद्धत अशी होती. खटला पुकारला जाई. पिंजऱ्यात उभ्या असलेल्या आरोपीला वकीलच नाही, हे मधल्या न्यायमूर्तींच्या लक्षात येई. (न्यायमूर्ती तिघे बसतात. मधले बोलतात, उजवे लिहितात, डावे ऐकतात असा समज आहे.) मग मधले न्यायमूर्ती अम्म बुशरा, म्हणजे बुशराकाका, या म्हाताऱ्या चोपदाराकडे नुसतं बघत. अम्म बुशरा व्हरांड्यात जाई आणि काळा गाऊन घातलेला जो पहिला माणूस हाती लागेल त्याचं बखोट धरून आत आणी. तो त्या आरोपीचा वकील. सरकारी खर्चानं. संपला विषय.

व्हरांड्यातल्या वकिलांनीही या पद्धतीशी छान जुळवून घेतलं होतं. दाराची कडी वाजली रे वाजली, की सगळे भराभर गाऊन उतरवून वर्तमानपत्रात गुंडाळत आणि साक्षीदारासारखे बापुडवाणे चेहरे करून भिंतीला टेकून उभे राहत. फक्त उस्ताद वग्दींना ते जमत नसे. (आमच्याकडे कुठल्याही शिकलेल्या माणसाला उस्ताद म्हणतात, तबला यावा लागत नाही.) त्यांचा गाऊन लग्नाआधी शिवलेला. पुढे वग्दी वाढले, गाऊन वाढला नाही. उजवी बाही निघायची, डावीत कोपर अडकायचं. अम्म बुशरा दारात येऊन पाही तेव्हा वग्दी एका हातानं दुसऱ्या हाताशी झटापट करत असत.

“चला मेत्र,” अम्म बुशरा म्हणे. (वकिलाला आमच्याकडे मेत्र म्हणतात. फ्रेंच कधीचे गेले, हाक राहिली.) “आज खून आहे.”

अशा रीतीनं आमच्या जिल्ह्याची मोफत कायदेशीर मदत वीस-बावीस वर्षं एका तंग बाहीवर चालली. बाही सैल करून घ्यायला कितीसा वेळ लागतो, असं कुणी विचारेल. शिंपी तिसऱ्या गल्लीत होता. वग्दी रोज त्याच्या दुकानावरून जात आणि सलाम करून पुढे जात. यावरून ज्याला जो अर्थ काढायचा असेल त्यानं तो काढावा.

वग्दींचा युक्तिवाद एका वाक्याचा होता. “मूळ मागणी निर्दोष सुटकेची, ती मान्य नसल्यास, राखीव मागणी जास्तीत जास्त दयेची.” खून, दरोडा, खोटी सही, काहीही असो, हे वाक्य सगळ्यांना व्यवस्थित बसे. गाऊनबद्दल तसं म्हणता येत नसलं तरी वाक्य खरंच चांगलं शिवलेलं होतं. मधले न्यायमूर्ती मान हलवत, उजवे लिहून घेत, आणि बाहेर ठेवलेला वग्दींचा चहा परत येईपर्यंत कोमटही झालेला नसे. आरोपीचं नाव काय होतं, हे वग्दींना कधी कधी निकालाच्या वेळी कळे. एकदा तर त्यांनी अत्यंत कळकळीनं दया मागितली ती पिंजऱ्यातल्या आरोपीसाठी नव्हे, तर पिंजरा झाडायला आत गेलेल्या झाडूवाल्यासाठी. न्यायमूर्तींनी ती दिली.

या सुखी संस्थेत डॉक्टर मेरवत आल्या. मोफत बचावाची पद्धत तपासायला कैरोहून आलेल्या समितीच्या त्या अध्यक्षा. हुशार बाई, मनानं स्वच्छ, कामाला वाघ. समितीनं एक महिना व्हरांड्यात बसून पाहणी केली आणि असा निष्कर्ष काढला, की सरकारनं दिलेला वकील आणि आरोपी यांच्यातलं सरासरी संभाषण दीड शब्दाचं असतं. (‘गप्प’ हा पूर्ण शब्द. ‘बस’ हा पुष्कळदा अर्धाच ऐकू येतो.) डॉक्टर मेरवतबाईंच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. त्यांनी व्हरांड्यातली धरपकड त्याच दिवशी बंद केली आणि ‘सन्मानपूर्ण बचाव योजना’ जाहीर केली.

योजना अगदी सोपी होती. वकिलाला गुण मिळणार, शंभरापैकी. तुरुंगात जाऊन आरोपीची भेट घेतली, वीस गुण. कागदपत्रं वाचली, वीस. युक्तिवाद अर्ध्या तासाहून कमी केला नाही, तीस. कायद्याची कलमं सांगितली, वीस. आणि बोलताना अधूनमधून आरोपीच्या डोळ्यांत पाहिलं, तर सन्मानाचे म्हणून दहा.

“आणि सुटला तर?” वग्दींनी प्रशिक्षणात हात वर करून विचारलं.

“कोण?”

“आरोपी.”

डॉक्टर मेरवतबाई प्रसन्न हसल्या. हा प्रश्न त्यांना सगळीकडे विचारला जात असे. “हे बघा मेत्र, सुटका देणं हे कोर्टाचं काम. आपण त्याला गुण ठेवले तर तो न्यायसंस्थेत हस्तक्षेप होईल. आपण मोजायचा तो बचाव. निकाल नाही.”

हे इतकं तर्कशुद्ध होतं की सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं.

योजनेचा पहिला खटला म्हणून समितीनं शहाता इस्त्रीवाल्याचा खटला निवडला, कारण त्यात रक्त नव्हतं आणि कागद कमी होते. आणि योजनेचा पहिला वकील म्हणून वग्दींना निवडलं, कारण हात त्यांनीच वर केला होता.

आता हा खटला. शहाताच्या गच्चीवर कबुतरं होती. समोरच्या गच्चीवर सिमेंटवाले हाजी बरकात यांचीही होती. हाजींनी परदेशातून एक काळंभोर कबूतर आणवलं, इतकं देखणं की शेजारी ते बघायला येताना अत्तर लावून येत. हेमंतातल्या एका दुपारी ते कबूतर उडालं, त्यानं शहाताची सुक्कर नावाची पांढरी मादी पाहिली, आणि ते शहाताच्या गच्चीवर उतरलं. उतरलं ते उतरलंच. कबुतरवाल्यांचा रिवाज याबाबतीत जुना आणि स्पष्ट आहे. पाखरू ज्याच्या गच्चीवर स्वखुशीनं उतरलं त्याचं. मूळ मालकानं यायचं, चहा प्यायचा, समोरच्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, आणखी एक चहा प्यायचा, आणि मग हातापाया पडून पाखरू परत न्यायचं किंवा न्यायचं नाही. हाजी बरकात चहाला आलेच नाहीत. ते तडक पोलीस ठाण्यात गेले. कबुतरवाल्यांत याची अजून नालस्ती होते.

ठाण्यावरचे अधिकारी मात्र दयाळू निघाले. त्यांनी शहाताकडे पाहिलं आणि त्यांना वाईट वाटलं. साधी चोरी लावली तर आमच्याकडच्या नियमाप्रमाणे या गरिबाला सरकारी खर्चानं वकील मिळणार नव्हता, तो फक्त गंभीर गुन्ह्याला मिळतो. गंभीर गुन्हा व्हायला चोरी रात्रीची हवी, राहत्या घरातली हवी, शिडी हवी आणि आरोपी एकाहून जास्त हवेत. अधिकाऱ्यांनी माणुसकीच्या नात्यानं दुपारची रात्र केली. घर राहतं होतंच. शिडी शहाताच्या स्वतःच्या घरातली घेतली. आणि दुसरा आरोपी म्हणून लिहिलं : ‘सुक्कर, मादी, रंग पांढरा, फूस लावून नेण्यात तरबेज, सध्या फरार.’

अशा प्रकारे शहाताला मोफत वकिलाचा हक्क मिळाला, आणि त्याच्याबरोबर, नियमानुसार, दीर्घ मुदतीच्या सक्तमजुरीची शक्यताही मिळाली. कबुतराला जप्त करून मुद्देमालाच्या खोलीत ठेवलं. शहाताला जप्त करून तुरुंगात ठेवलं. हेमंत सरला, शिशिर गेला, वसंत आला.

तेव्हा कुठे वग्दी वीस गुण मिळवायला तुरुंगात गेले.

आयुष्यात पहिल्यांदाच ते आरोपीच्या समोर बसत होते. काय बोलायचं असतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. समोरचा किडकिडीत माणूसच आधी बोलला.

“तुम्ही माझे वकील?”

“सरकारनं दिलेला.”

“म्हणजे माझेच ना?”

वग्दी नुसते खाकरले. शहाता तेवढ्यात त्यांच्या गाऊनकडे पाहून चुकचुकला. “अरे देवा, मेत्र, काय ही घडी! आणि ही डावी बाही कुणी शिवली? बगलेत कापड कमी पडलंय. मी बाहेर असतो तर इस्त्रीही केली असती आणि हेही उसवून दिलं असतं.”

“राहू दे,” वग्दी घाईनं म्हणाले. “तू ते कबूतर चोरलंस का?”

“छे हो! ते आलं. सुक्करनं मान वाकडी केली आणि हा बहाद्दर आला. तुमचं लग्न झालंय ना?”

“झालंय.”

“मग तुम्हाला काय सांगायचं!” शहाता हसला आणि मग जवळ सरकला. “मेत्र, मला घरी जायचंय हो. बाकी काही नको. इन्शिराह, म्हणजे माझी बायको, तिला शिट्टी येत नाही. ती गच्चीवर उभी राहून फडकं हलवते, हातात गोळे येईस्तोवर हलवते, पण कबूतर फडक्यानं उठतं आणि शिट्टीनं उतरतं. उठलेली दुसरीकडे उतरतायत. पुढच्या हेमंतापर्यंत गच्ची रिकामी. मग मी सुटून कुणाकडे येऊ?”

“बायको आहे की.”

“ती कबुतरांवरून माझ्याशी भांडायची. तीच राहिली नाहीत तर ती बिचारी बोलणार कशावरून?”

वग्दींना हसू आलं, आणि हसता हसता एक गोष्ट लक्षात आली. हा माणूस निर्दोष होता. एवढ्या वर्षांत त्यांना कुणी निर्दोष भेटलं नव्हतं, अर्थात भेटलंच कुणी नव्हतं. परत येताना ते कोर्टासमोरच्या कोशरीवाल्याकडे मसूरभात खायला बसले तेव्हा ताटलीतला मसूर बघून त्यांना कबुतरं आठवली आणि ताटली तशीच राहिली.

“हे काय नवीन?” शेजारी बसलेले उस्ताद फिक्री म्हणाले. फिक्री म्हणजे गाऊन उतरवण्यात सगळ्यात चपळ.

“फिक्री, तू कधी आरोपीला भेटलायस?”

“वेड लागलंय का तुला? भेटलं की ओळख होते. ओळख झाली की काळजी वाटते. काळजी वाटली की वकिली संपली.” फिक्रींनी वग्दींची ताटली आपल्याकडे ओढली. “दे इकडे. तुझी वाया जातेय.”

दुसऱ्या दिवशी शहाताची बायको इन्शिराह वग्दींच्या कचेरीत आली. बसली नाही. उभ्यानंच तिनं फैरी झाडल्या. “मेत्र, तुम्ही म्हणे अर्धा तास बोलणार! अर्धा तास! माझा नवरा लग्नात सुद्धा एवढं बोलला नाही. कशाला हवंय बोलणं? त्या मेल्या काळ्याला सोडा कोर्टाच्या अंगणात. ज्याचं असेल त्याच्या गच्चीवर जाईल. पाखरू काय हाजीचं सिमेंट खाऊन खोटं बोलणार आहे?”

वग्दी खुर्चीतून उठलेच. केवढी सोपी गोष्ट! कबूतरच साक्ष देईल. एवढ्या वर्षांत त्यांना पहिल्यांदाच एक युक्तिवाद सुचला होता, तोही दुसऱ्याचा, पण त्यांना तो आपलाच वाटायला लागला. इन्शिराह निघताना म्हणाली, “एकदा त्यालाही विचारा हं, शहाताला. पाखराचं त्याला कळतं, मला नाही.” वग्दी म्हणाले, विचारतो. पण भेटीचे वीस गुण आधीच मिळाले होते आणि दुसऱ्या भेटीला रकाना नव्हता.

सुनावणीच्या दिवशी कोर्ट भरगच्च होतं. डॉक्टर मेरवतबाई पहिल्या रांगेत घड्याळ घेऊन बसल्या. वग्दी उभे राहिले आणि त्यांनी अर्धा तास आणि वर थोडा वेळ असा युक्तिवाद केला, की भिंतींना घाम फुटला. त्यांनी रोमन कायद्यापासून सुरुवात केली. त्यांनी पाखरांच्या मालकीवर कलमं सांगितली, मधमाश्यांच्या मालकीवर सांगितली, पुराच्या पाण्यात वाहून आलेल्या म्हशीवर सांगितली. दर थोड्या वेळानं ते वळून शहाताच्या डोळ्यांत पाहत आणि डॉक्टर मेरवतबाई वहीत खूण करत. डाव्या न्यायमूर्तींची मान एका बाजूला कलली. सरकारी फिर्यादीची बाजू मांडणाऱ्या वकिलांनी खिडकीबाहेर पाहून घेतलं. शेवटी वग्दी म्हणाले, “मूळ मागणी निर्दोष सुटकेची.” सगळे राखीव मागणीची वाट पाहत राहिले. वग्दींनी हातातले कागद मिटले. “राखीव मागणी नाही. आरोपी निर्दोष आहे. मुद्देमालाला अंगणात सोडावं. तो स्वतः सांगेल.”

मधले न्यायमूर्ती पुढे झुकले. त्यांच्या कारकिर्दीत वग्दींनी दया न मागितल्याची ही पहिलीच वेळ होती.

“याला रकाना नाही,” डॉक्टर मेरवतबाई हळूच म्हणाल्या.

“मंजूर,” मधले न्यायमूर्ती म्हणाले. त्यांनाही बाहेरची हवा हवी होती.

मग सगळे उठले. न्यायमूर्ती, दोन्हीकडचे वकील, समिती, हाजी बरकात, बघे, अम्म बुशरा. पिंजऱ्यातून शहाता गज हलवून काहीतरी ओरडत होता, “मेत्र! ओ मेत्र!” पण डोळ्यांत पाहण्याचे दहा गुण केव्हाच मिळाले होते आणि गर्दीचा रेटा दाराकडे होता. पिंजऱ्याची किल्ली असलेला शिपाईसुद्धा अंगणात आला.

मुद्देमालाच्या खोलीचा कारकून नगाती कबूतर छातीशी धरून आला. नगाती एकटा जीव. हिवाळाभर त्यानं त्या पाखराला स्वतःच्या डब्यातला मसूर भरवला होता. आता त्याचा चेहरा मुलगी सासरी पाठवणाऱ्या बापासारखा झाला होता.

लांब पूर्वेला शहाताची गच्ची दिसत होती आणि तिच्यावर इन्शिराहचं लाल फडकं. तिच्यासमोर हाजींची उंच गच्ची. हाजींनी दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी घातली की कोर्टाची खिडकी थरथरली. नगातीनं हात उघडले.

कबूतर उडालं. सगळ्यांच्या माना वर. त्यानं एक मोठी घिरटी घेतली, पूर्वेकडे वळलं, इन्शिराहच्या फडक्याच्या दिशेनं निघालं. “जा रे राजा,” वग्दी पुटपुटले. कबूतर हाजींच्या गच्चीवरून गेलं, शहाताच्या गच्चीवरून गेलं, तिथे जरासं रेंगाळलं, आणि मग झोकात वळून परत आलं, आणि कोर्टाच्या छपरावर, बरोबर मुद्देमालाच्या खोलीच्या वर, ऐटीत बसून पिसं साफ करू लागलं.

“अरे माझ्या लेकरा,” नगाती म्हणाला आणि त्याला रडू कोसळलं.

वग्दींनी कपाळाला हात लावला. पाच-सहा महिने ज्यानं खाऊ घातलं त्याचं घर ते आपलं घर, हे पाखराला कळत होतं. ते हजर असलेल्या एकाही कायदेपंडिताला आधी सुचलं नव्हतं.

कामकाजात नोंद झाली ती अशी : ‘मुद्देमालाने दोन्ही पक्षकारांचा दावा फेटाळून स्वतःला कोर्टाच्या मालकीचे घोषित केले.’ फिर्यादी पक्षानं लगेच हरकत घेतली, की मुद्देमाल कोर्टाच्या ताब्यातून निसटला आहे आणि मुद्देमालाशिवाय खटला पुढे चालू शकत नाही. बचाव पक्षाला मान्य करावं लागलं, की शेवटही होऊ शकत नाही. अग्निशामक दलाची शिडी आणली, कबूतर दोन विटा पलीकडे बसलं. मग कुणीतरी म्हणालं, की दुसऱ्याच्या गच्चीवरचं पाखरू खाली उतरवण्यात तरबेज असा एक माणूस गावात आहे.

“आहे,” मधले न्यायमूर्ती म्हणाले. “पण असं करणं हा गुन्हा आहे. त्याच गुन्ह्याचा खटला आत चालू आहे.”

मुद्देमाल स्वतःहून हजर होईपर्यंत तारीख पडली.

सन्मानपूर्ण बचाव योजनेचा पहिला प्रयोग मात्र कमालीचा यशस्वी झाला. वग्दींना चौऱ्याण्णव गुण मिळाले. (शेवटी आरोपीऐवजी आकाशाकडे पाहिल्याबद्दल सहा कापले.) हे गुण इतके वरचे होते, की त्यांच्या युक्तिवादाची प्रत छापून सगळ्या जिल्ह्यांना पाठवण्यात आली, आणि आता कुठलाही आरोपी असो, त्याच्या वतीनं पुरात वाहून आलेल्या म्हशीचा दाखला दिला जातो. समितीला आणखी पाच जिल्हे मिळाले. डॉक्टर मेरवतबाईंनी निरोपाच्या वेळी वग्दींचा हात हातात घेऊन सांगितलं, “मेत्र, तुम्ही बचाव या शब्दाला अर्थ दिलात.” त्या मनापासून बोलत होत्या.

कबुतराचंही फार चांगलं चाललं. कैरोच्या एका वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला, न्यायदेवतेच्या पुतळ्याच्या तराजूत बसलेलं असतानाचा. बायका मुलांना घेऊन दाणे टाकायला येऊ लागल्या. मेच्या सुरुवातीला एक पांढरी मादी कोर्टाच्या छपरावर येऊन बसली. पोलिसांनी वर्णन ताडून पाहिलं, ती सुक्करच निघाली. फरार साथीदाराला पकडायला दोन शिपाई वर चढले, पण तोवर दोघांनी मिळून छपराच्या कडेला घरटं बांधलं होतं, आणि घरट्यात अंडी होती. सरकारी इमारतीवरचं घरटं हलवायला तीन खात्यांची परवानगी लागते. नगाती आता जेवणाच्या सुट्टीत छपरावरच जेवतो. पिल्लं दोन निघाली. एक काळं, एक पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांचं, कवडं. कवड्याचे पंख जरा अशक्त आहेत, पण जनावरांचे डॉक्टर म्हणाले की काळजीचं कारण नाही, आणि हे ऐकून गावातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

आपलाही पडला असेल.

वग्दी दर गुरुवारी तुरुंगात जातात. त्याला गुण नाहीत, रकाना नाही, आणि फिक्रींच्या मते अर्थही नाही. पहिल्या गुरुवारी त्यांनी शहाताला विचारलं होतं, “त्या दिवशी पिंजऱ्यातून काय ओरडत होतास?”

“‘आज नका सोडू,’ म्हणत होतो,” शहाता म्हणाला. “म्हटलं, आधी आठवडाभर उपाशी ठेवा, नाहीतर मसुराकडेच परत येईल. ऐकू नाही का आलं, मेत्र?”

“आलं नाही,” वग्दी म्हणाले. ते आलं होतं. शब्द नाही, पण ओरडणं आलं होतं.

इन्शिराह अजून फडकं हलवते. गच्चीवर आता थोडी पाखरं उरली आहेत. ती शिट्टी शिकते आहे, शेजारचे वैतागले आहेत. तारखेला शहाताला पिंजऱ्यात आणतात, मधले न्यायमूर्ती छपराकडे पाहतात आणि पुढली तारीख पडते. हेमंत जवळ येतो आहे.

दर गुरुवारी वग्दी समोर बसले की शहाता पहिला प्रश्न एकच विचारतो, “मेत्र, कबूतर कसं आहे? पिल्लं उडायला लागली?” स्वतःचं तो नंतर विचारतो. पण त्याचं एक समजू शकतं, तो कबुतरवाला आहे. आपणही मगापासून छपराकडेच बघत होतात. आपलं काय?